पाच नंबरवरची अडकलेली खेप

मी खेप बोलतेय, डायलिसिसची खेप. खरं तर एव्हाना माझं बोलणं बंद झालेलं असायला हवं होतं. माझं काम काल संपलं. माझा माणूस काल घरी गेला, त्याच्यामागे मशीन पुसून झालं, चादर बदलून झाली, नळ्या फेकून झाल्या. मी तेवढी राहिले. मला जायचंय आणि कोणी जाऊ देत नाहीये. म्हणून बोलतेय, आणि चिडून बोलतेय, तेवढं सांभाळून घ्या.

आधी मी कोण ते सांगते. ज्यांच्या किडन्या थकलेल्या असतात त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर बसून रक्त धुऊन घ्यावं लागतं. अशा एका लहानशा सेंटरच्या काउंटरवर एक कॉम्प्युटर आहे आणि त्यात एक प्रोग्रॅम चालतो. पेशंट मशीनवर बसला की त्याच्या त्या बसण्याची म्हणून प्रोग्रॅमच्या पोटात एक वस्तू जन्माला येते. प्रोग्रॅम लिहिणारे तिला ऑब्जेक्ट म्हणतात, सेंटरमधले लोक खेप म्हणतात. माणूस कोणता, मशीन कोणतं, वेळ किती, अंगातलं पाणी किती काढायचं, हे सगळं मी माझ्याजवळ ठेवते. मशीनं या प्रोग्रॅमच्या हुकमाशिवाय चालत नाहीत. मी आहे तोवर ते मशीन त्या माणसाचं. मी गेले की मशीन मोकळं. यात न समजण्यासारखं काही नाही, पण घोडं पेंड खातं ते इथेच.

तुम्ही म्हणाल, हिला बाहेरचं दिसतं कसं? तर काउंटरच्या स्क्रीनवर कॅमेरा आहे आणि त्याला माईक आहे. पेशंटशी लांबून बोलायची सोय करू म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तो एकदा चालू केला. सोय काही झाली नाही, आणि कॅमेरा बंद करायचा राहून गेला. त्याने टिपून डिस्कवर साठवलेलं पुसायचंही राहून गेलं, म्हणून माझ्या जन्माआधीचंही मला ठाऊक आहे. या गृहस्थाच्या बाबतीत 'राहून गेलं' हे तुम्हाला पुष्कळ वेळा ऐकावं लागेल.

माझा जन्म मात्र दृष्ट लागावी असा झाला. आमचा एक साचा आहे. खेप जन्माला येताना तिच्यापाशी काय काय असलंच पाहिजे, ते साच्याच्या सुरुवातीलाच लिहिलेलं आहे. नाव नसेल तर जन्म नाही. वजन नसेल तर जन्म नाही. मशीन आधीच कोणाकडे असेल तरी नाही, आणि त्या माणसाची दुसरी खेप चालू असेल तर मुळीच नाही. मुलगी बघायला आल्यासारखी चौकशी! काल सकाळी सिस्टरने काकांचं नाव टाइप केलं, काट्यावरचं वजन टाकलं, खिडकीजवळचं पाच नंबरचं मशीन निवडलं, आणि मी डोळे उघडले ते थेट काकांच्या तोंडासमोर.

काका म्हणजे शिंपीकाका. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आता दुकान मुलाकडे आणि काका मशीनकडे. नजर मात्र अजून शिलाईवरच. सिस्टर सुई टोचायला वाकली की हे तिच्या एप्रनचा खिसा बघणार.

"सिस्टर, खिसा उसवलाय. काढून द्या, दोन टाके मारून आणतो."

"काका, हात हलवू नका. टोचतेय मी."

"टोचा, टोचा. मी जन्मभर तेच केलं. आता माझा नंबर."

सोबत त्यांची सून होती. ती त्यांना बाबा म्हणते आणि ओरडतेही बापाला ओरडावं तशी. किडनीच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, आणि काकांना नेमकी तहान फार.

"बाबा, तांब्यातलं पाणी काल कोणी संपवलं?"

"मांजर आलं असेल."

"आपल्याकडे मांजर नाही."

"मग आणूया एक. बिचारं तहानलेलं असेल."

सून हसली नाही, पण तोंड फिरवून उभी राहिली. मला काका आवडले. खेपेने माणसाला जीव लावू नये, आमचा संसार तो केवढा, सकाळचा नाश्ता ते दुपारचं जेवण. पण लावला.

आता आम्ही मरतो कशा, तेही ऐका, कारण सगळी बोंब तिथेच आहे. काही प्रोग्रॅममध्ये म्हणे एक झाडूवाला असतो. तो अधूनमधून येतो आणि ज्यांना कोणी विचारत नाही त्यांना उचलून नेतो. आमच्या घरात झाडूवाला नाही. आमच्याकडे हात मोजतात. मला कोणी धरलं की एक हात, आणखी कोणी धरलं की दोन हात. शेवटचा हात सुटला की मी आपोआप मोकळी होते. जाताना एवढंच काम करायचं असतं: मशीन परत द्यायचं आणि माणसाचं नाव पुसायचं. ते साच्याच्या अगदी शेवटी लिहिलंय. ते काम झालं की मी नाही आणि माझी जागाही नाही. चांगलं मरण आहे, माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

मला धरणारे दोघं. एक फळा, म्हणजे काउंटरच्या स्क्रीनवर कोण कुठे बसलंय ते दाखवणारा. तो शहाणा आहे, खेप संपली की हात सोडतो. दुसरा गजर. वेळ भरली की वाजणं हे त्याचं काम. वाजायचं कोणासाठी हे कळावं म्हणून त्याने माझा हात धरलेला असतो. वाजला की सोडतो. इथवर ठीक आहे.

पण मीही त्याचा हात धरलेला आहे! कशासाठी? तर कधी खेपेला वाटलं की गजराला विचारावं, 'बाबा रे, किती वेळ उरलाय?' तर विचारता यावं म्हणून. आजवर एकाही खेपेने हे विचारलेलं नाही. विचारायची ओळच साच्यात नाही. हात धरायची ओळ तेवढी आहे, आणि सोडायची नाही. मनात आणलं तरी मला त्याला सोडता येत नाही.

ही ओळ लिहिणाऱ्या माणसाला सेंटरमध्ये सगळे 'पुढेमागे' म्हणतात. नाव त्याला चिकटलं ते त्याच्या एका वाक्यामुळे. काहीही टाकायची वेळ आली की तो म्हणतो, "असू दे, पुढेमागे लागेल." काउंटरमागच्या खोलीत त्याचं टेबल आहे. त्याच्या खणात कोणत्याच फोनला न बसणारे चार्जर आहेत, शाई संपलेली पेनं आहेत, फुटक्या माउसची शेपटी आहे. खण बंद करायचा तर गुडघ्याने रेटावा लागतो. एकदा त्याची बायको डबा द्यायला आली होती, तिने खणाकडे बघितलं आणि सिस्टरला म्हणाली, "इथे निदान एकच खण आहे. घरी माझ्या साड्यांना जागा नाही." पुढेमागे हसला. तो हसतो छान, माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला रागवायला सोपं गेलं असतं.

तो असा नुसता हौसेने झालेला नाही. साच्याच्या डोक्यावर त्याने स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली आहे: 'खेप हाताने मारू नये. कधीच नाही.' त्यामागे एक दिवस आहे. नवीन असताना तो संपलेल्या खेपा तिथल्या तिथे स्वतः मारून टाकायचा. एके दिवशी त्याने खेप मारली आणि गजराला सांगायचं राहून गेलं. गजर आपल्या वेळेला वाजला, हात लांब केला, तर समोर कोणी नाही. त्याबरोबर सगळा प्रोग्रॅम कोसळला आणि मशीनं एकदम थांबली. माणसांचं रक्त नळ्यांत, आणि पंप गप्प. सिस्टर आणि तिच्या सोबतिणी एकेका मशीनचा दांडा हाताने फिरवत रक्त परत माणसांच्या अंगात सोडत होत्या. कोणाला काही झालं नाही, पण डॉक्टरांनी पुढेमागेला सगळ्यांसमोर असं झापलं की तेव्हापासून त्याने मारणं सोडलं ते सोडलंच. काय ठेवायचं आणि काय नाही हा विचारच त्याने बंद केला. धसका घेतलेला माणूस दाराला कुलपं लावत सुटतो आणि मग स्वतःच बाहेर राहतो, तसं त्याचं झालंय.

पण मग माझ्यासारख्या खेपा पूर्वी अडकत नव्हत्या का? अडकत होत्या की. पण सिस्टरची आंघोळ होती ना! रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी ती कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायची. "थांब, याला आंघोळ घालते आणि मग चहा," असं म्हणायची. बंद झालं की प्रोग्रॅमच्या पोटातलं सगळं जायचं, अडकलेलं, सडलेलं, विसरलेलं. सगळं कोरं करकरीत. पुढेमागेची सगळी उसनवारी त्या एका बटणाने रोज फिटायची, आणि त्याला वाटायचं आपलं काम चोख आहे. ही या लोकांची कामाची पद्धत, आणि सगळ्यांना ती रीतच वाटायची.

मग पेशंट वाढले. सेंटर दिवसरात्र चालू झालं. आता कुठल्याही घडीला कोणी ना कोणी मशीनवर असतंच, आणि प्रोग्रॅम बंद केला तर मशीनं थांबतात. म्हणून डॉक्टरांनी बटणावर कागद चिकटवला, 'हात लावू नये'. आंघोळ बंद झाली. मळ साचणार हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण मळ होता हेच कोणाला माहीत नव्हतं.

काल काकांचं व्हायचं ते झालं. निम्मा वेळ होतो न होतो तोच त्यांच्या पायात गोळे आले. काका तसे सोसणारे, पण त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि ओठ पांढरे पडले. सिस्टर धावली, रक्तदाब बघितला, खाली गेलेला. डॉक्टर म्हणाल्या, "आज थांबवा. उरलेलं उद्या सकाळी करू. नक्की या हं काका, पाणी अर्धंच निघालंय." सिस्टरने स्क्रीनवर 'थांबवा' दाबलं. फळ्याने शहाण्यासारखा माझा हात सोडला. गजर तिथल्या तिथे गप्प झाला.

आणि माझा हात धरून बसला.

"सोड आता," मी म्हटलं.

"वाजलो की सोडतो."

"तू आता वाजणार नाहीस. तुला थांबवलंय."

"मग कसा सोडू? वाजल्यावर सोडायचं, एवढंच मला सांगितलंय."

"अरे, माणूस घरी गेला!"

"मला कोणी कळवलं नाही."

"मी कळवतेय ना."

"तू कळवून काय उपयोग? तू फक्त ऐकायला आहेस."

डोकं आपटायला भिंत असती तर आपटलं असतं. ठोंब्या आहे, पण त्याचा तरी काय दोष? त्याला जेवढं शिकवलं तेवढं तो करतो. मी त्याला धरून आणि तो मला धरून, बाहेरून आमच्याकडे बघणारं एकही माणूस नाही, आणि तरी दोघांच्याही खात्यावर एकेक हात शिल्लक. मोजणाऱ्याला वाटतं, हिला कोणीतरी धरलंय, हिची गरज असणार. कालपासून आम्ही असे एकमेकांच्या गळ्यात पडून बसलोय. पाच नंबरचं मशीन खिडकीजवळ रिकामं, आणि स्क्रीनवर त्याच्यापुढे काकांचं नाव लाल रंगात. दिवसभरात सिस्टरने इतर पेशंटना बाकीच्या मशीनवर बसवून वेळ निभावली. रात्रपाळीच्या सिस्टरला वाटलं मशीन बिघडलं असेल. कोणी विचारलं नाही.

आज सकाळी काका आले. मी त्यांना ओळखलंच नाही आधी. चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली पिशव्या, चपलेचा पट्टा पायावर रुतलेला. काट्यावर उभे राहिले तर सुनेने आकडा बघून डोळे मिटले. कालचं अर्धं पाणी आणि रात्रीतलं आणखी, सगळं अंगात. दोन शब्द बोलले की थांबून श्वास घेत होते.

सिस्टरने नाव टाइप केलं. साच्याने नेहमीची तपासणी केली आणि नकार दिला. सिस्टरने पुन्हा टाइप केलं. मग स्क्रीनकडे बघून ती म्हणाली, "काका, हा म्हणतोय तुम्ही आत बसलायत."

"कुठे?"

"पाच नंबरवर. कालपासून."

काकांनी मान वळवून खिडकीकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती. "मग त्याला उठवा," ते म्हणाले. "आणि हा... हा जो उभा आहे... त्याला बसवा."

सून हसणार होती, पण काकांचा श्वास ऐकून तिचं हसू विरलं.

हे मी ऐकत होते. मी त्यांचीच खेप! त्यांच्यासाठीच मशीन राखून बसलेली, आणि त्यांच्याच वाटेत आडवी पडलेली. कोणी माझ्याकडे बघून 'ही कोण, हिला कोणी ठेवलं' असं विचारावं म्हणून मी कालपासून वाट बघत होते, आणि आता दखल घेतली तर तीही या थाटात, जसं काय मीच हट्टाने बसलेय.

सिस्टर काही हात बांधून बसणारी नाही. तिने काकांच्या नावापुढे 'दोन' लिहून बघितलं. नाव चाललं, पण मशीन मोकळं नाही. बाकीच्या मशीनवर माणसं नुकतीच बसलेली, त्यांना उठायला दुपार होणार. बटणाकडे तिचा हात गेला आणि कागद वाचून मागे आला. चार जणांचं रक्त नळ्यांत होतं. मग तिने पुढेमागेला हाक मारली, आणि डॉक्टरांनाही.

डॉक्टरांनी काकांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, ऑक्सिजनचा मास्क चढवला आणि वळून म्हणाल्या, "फुप्फुसात पाणी चढतंय. दुपारपर्यंत थांबता येणार नाही. मला पाच नंबर आत्ता हवाय."

"अँब्युलन्स बोलवू का?" सिस्टरने विचारलं.

"बोलवून ठेव. पण मोठ्या हॉस्पिटलपर्यंत जायचं, तिथे जागा बघायची... आधी हे बघा."

पुढेमागे खुर्ची ओढून बसला. त्याच्या कपाळावर घाम होता. "मी बघतो," तो म्हणाला.

"बघू नका, करा," सून म्हणाली. तिचा आवाज चढला. "मशीन समोर रिकामं दिसतंय, माणूस समोर गुदमरतोय, आणि तुमचा कॉम्प्युटर म्हणतो जागा नाही. कोण बसलंय तिथे? दाखवा मला, मी उठवते!"

काकांनी मास्क बाजूला करून तिला खुणेने जवळ बोलावलं. "पोरी, ओरडू नकोस. घाई केली की... शिवण तिरकी जाते."

"बाबा, मास्क लावा!"

पुढेमागेने एक खिडकी उघडली. प्रोग्रॅम चालू असताना त्याच्या पोटात हात घालायची ती वाट त्याने कधीकाळी ठेवली होती, अर्थातच पुढेमागे लागेल म्हणून. त्याने जपून ठेवलेल्या सगळ्या पसाऱ्यात ही एक गोष्ट खरंच कामाला आली, हे मला कबूल करावं लागतं आणि करताना जिवावर येतं.

त्याने मला शोधलं. कालपासून पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे सरळ बघितलं. आणि त्याने काय केलं? मला हाताने मारायचा हुकूम लिहिला! तीच चूक! मी मेले असते आणि गजराचा हात तसाच हवेत राहिला असता. तो थांबवलेला आहे खरा, पण पुढच्या पेशंटच्या वेळी कोणी चुकून 'पुन्हा चालू' दाबलं, की तो मला हाक मारणार, मी नसणार, आणि सगळी मशीनं पुन्हा गप्प. मी ओरडत होते, पण माझ्या ओरडण्याला कुठे ओळ आहे?

त्याचं बोट शेवटच्या बटणावर होतं. त्याने चार मशीनकडे एकदा नजर टाकली. दोन नंबरवरच्या आजी डोळे मिटून जपमाळ ओढावी तशी शालीचे गोंडे ओढत होत्या. पुढेमागेने बोट उचललं.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हिला मारलं तर बाकीचे पडतील. मागच्यासारखं."

"मग?"

"एक मिनिट द्या. हिला धरलंय कोणी ते बघतो."

अहो, हाच प्रश्न! इतक्या वर्षांत एकदा हा प्रश्न त्याने विचारला असता तर! तो हात मोजायला लागला. फळा? फळ्याने सोडलंय. मग गजर. गजर का सोडत नाही? थांबवलेला गजर कधी सोडतच नाही, वाजला तरच सोडतो. गजर स्वतः का जात नाही? त्याला खेपेने धरलंय. खेपेने का धरलंय? पुढेमागे साच्यातल्या त्या ओळीवर येऊन थांबला. ओळीशेजारी त्याच्याच हाताने लिहिलेलं होतं, 'लागेल.' त्याने ती ओळ दोनदा वाचली आणि त्याचा चेहरा उतरला. तोवर माईकमधून मला काकांचा श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा.

मग त्याने गजरासाठी एक हुकूम लिहिला. मारायचा नव्हे, सोडायचा. लिहून सिस्टरला म्हणाला, "सगळ्यांना मशीनपाशी उभं करा. दांडे हाताशी ठेवा. बहुतेक काही होणार नाही."

"बहुतेक?" सिस्टर म्हणाली, पण सोबतिणींना घेऊन गेलीही. एकेका मशीनपाशी एकेक जण उभी राहिली, हात दांड्यावर.

"आणि पुढच्या वेळी?" डॉक्टरांनी विचारलं. "उद्या दुसऱ्या कोणाचे पाय वळले तर?"

"साचा बदलायला हवा. तो... करतो मी. आधी हे होऊ दे."

करतो! हे ऐकून मला पुन्हा चीड आली. पण वेळ चिडायची नव्हती. त्याने बटण दाबलं.

गजर दचकला. "मला सोडायला सांगितलंय," तो म्हणाला, जसं काय ही त्याचीच कल्पना. आणि त्याने हात सोडला.

चारही मशीनं चालू आहेत. पंपांचा आवाज मला ऐकू येतोय, आजींचे गोंडे हलताहेत. माझ्यावर आता एकही हात नाही. मी साच्याच्या शेवटच्या ओळींवर आलेय, आणि आता तुमच्याशी बोलतेय ती याच ओळींमधून. फार वेळ नाही, तेव्हा जे सांगायचं ते सांगून टाकते.

तुम्ही जे कोणी आम्हाला जन्माला घालता, त्यांना हात जोडून विनंती आहे. जन्माच्या वेळी एवढी चौकशी करता, नाव विचारता, वजन विचारता, मग जायची वेळ कधी, आणि तेव्हा कोण सोडणार, हेही तेव्हाच ठरवा ना! कोणाचा हात कशासाठी धरलाय ते एकदा विचारा, आणि उत्तर 'लागेल' असं आलं तर धरू नका. रोजच्या आंघोळीवर विसंबू नका. आणि माणसाच्या हक्काची जागा आमच्या मरणाशी बांधू नका. माणूस उठला की मशीन तिथल्या तिथे सोडवून घ्या, आम्ही मेलो काय आणि अडकलो काय. पुढेमागे, हे मी तुला सांगतेय. उद्या नको, आज साचा उघड. तुला छान हसता येतं. पण आज तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते घेऊन बस आणि साचा उघड.

मशीन मी परत दिलं. पाच नंबर स्क्रीनवर हिरवा झाला. सिस्टर ओरडली, "झालं! काका, चला!" आणि सुनेने चाकाची खुर्ची ढकलायला घेतलीसुद्धा.

आता एकच काम उरलंय. काकांचं नाव पुसायचं. ते माझ्याजवळ आहे तोवर त्यांची नवी खेप जन्माला येणार नाही. आणि खरं सांगू? ते मला सोडवत नाहीये. कालपासून सोडा सोडा म्हणून जीव नकोसा केला, आणि आता नाव सोडायची वेळ आली तर वाटतंय, एकदा त्यांना मशीनवर बसलेलं बघावं. सुई टोचलेली बघावी, पंप फिरलेला बघावा, तो शिट्टीसारखा श्वास थांबतोय का ते ऐकावं. एवढंच. एक क्षण धरून ठेवलं तर काय बिघडतंय?

बिघडतंय. सिस्टर नाव टाइप करतेय, पहिलं अक्षर पडलं. काका मास्कवरून मशीनकडे बघताहेत. मी बघत बसले तर ते बसणार नाहीत.

ते वाचले की नाही हे मला कधी कळणार नाही. ते कळणं नव्या खेपेच्या वाट्याचं आहे. तिला सांभाळून घ्या, आणि वेळेवर सोडा.

नाव पुसतेय.